फिश टँक सर्व्हिसचं जोडकाम सुरू करायचंय, बजेट ८ हजार. काय घेऊ, कसं लावू? (बेळगाव)

पहिली_शिफ्ट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये काम, शिफ्ट ७ ते ३. संध्याकाळी ५ ते ८ आणि रविवार मोकळा असतो. लोकांच्या घरच्या, दवाखान्यातल्या टाक्या साफ करून देण्याचं काम लावायचं डोक्यात आहे. विचारणा झालेल्या सहा टाक्या आहेत: २×१×१ फुटाच्या चार (टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ) आणि ३×१.५×१.५ च्या दोन. त्यातली एक शहापूरच्या दवाखान्यात. जाणं-येणं स्कूटरवर, एकटाच.
हाताशी सायफनचा पाइप, एक बादली, दोन जाळ्या आहेत. खर्च ८,००० च्या वर करायचा नाही. प्रश्न चार:
१) सामान काय घेऊ?
२) पंधरा दिवसांतून एकदा पुरतं का?
३) दर काय लावू?
४) कुणाकडे नळाचं पाणी, कुणाकडे विहीर, एका घरी बोअर. यात काय सांभाळायचं?

कॅम्प_कॅनिस्टर
सरळ पंपावर जा. बादल्या उचलून धंदा होत नाही. २,००० लिटर-तासाचा सबमर्सिबल, १६ मिलिमीटरचा जाळीदार पाइप १५ मीटर, एक बॉल व्हॉल्व्ह. पाणी सरळ बाल्कनीच्या मोरीत काढायचं आणि भरताना तोच पंप ड्रमात टाकायचा. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढ आणि एवढा लांब पाइप लावला की निम्मंही पाणी येत नाही, म्हणून छोटा पंप घेऊच नको. पंपाच्या तोंडाला स्पंज बांध, नाहीतर गप्पी, टेट्रासारखे छोटे मासे आत ओढले जातात. सोबत पूर्ण टेस्ट किट, एक जादा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा; गिऱ्हाइकाचा बंद पडला की भाड्याने द्यायला) आणि वेट-ड्राय व्हॅक्यूम. १६-१७ हजारांत सगळं बसतं.

दुसरं_गेट
कॅनिस्टरदादा, पंप चांगलाच, खरं त्यानं ८ हजार लिहिलंय ते बघा की. दोन फुटी टाकीला पंप कशाला?
हिशेब असा. एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. २×१×१ मध्ये ५६ लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४८ च्या आसपास. चौथा भाग बदलायचा म्हटला तर १२ लिटर, म्हणजे एक बादलीसुद्धा नाही. ३×१.५×१.५ मध्ये १९१, नेट १६० धर, चौथा भाग ४० लिटर. दोन बादल्या. एवढंच.
घ्यायचं सामान:
झाकणाच्या २० लिटरच्या दोन बादल्या, दोन वेगळ्या रंगांच्या. एक घाण पाण्याची, एक ताज्या पाण्याची. यांची अदलाबदल कधीच नाही, आणि फरशीचा साबण-फिनेल लागलेली बादली तर कधीच नाही. गिऱ्हाइकाची बादली वापरायची नाही ती याचसाठी.
१२ मिलिमीटरचा सायफन, पुढे खडी साफ करायची नळी. तोंडानं ओढायचा नाही, दाबायचा फुगा असलेला घे.
काचेसाठी स्टीलच्या पात्याचा स्क्रॅपर. कोपऱ्यात सिलिकॉनपासून बोटभर लांब थांबायचं, सिलिकॉन कापलं की गळती सुरू. टाकी ॲक्रिलिकची असली तर पातं लावायचंच नाही, जुनं एटीएम कार्ड पुरतं.
चार जाड पंचे, एक प्लास्टिकचा कागद खाली अंथरायला, टेस्टर.
आणि एक डबा सुट्या सामानाचा: सक्शन कप, एअर ट्यूब, एअर स्टोन, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असतो आणि लाइट गेली की ट्यूबमधून पाणी उलटं येऊन पंपात आणि खाली जमिनीवर. २० रुपयांचा व्हॉल्व्ह लावला की ते होत नाही. दहा घरांत बघ, सात-आठ ठिकाणी नसतोच.

शहापूर_माई
मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आमच्याकडे पूर्वी एकाकडून टाकी साफ करून घेतली. सगळं पाणी काढलं, दगड घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. टाकी आरशासारखी दिसली आणि चौथ्या दिवशी मासे वर तोंड काढून श्वास घ्यायला लागले. त्याला विचारलं तर म्हणाला, तुमचं पाणी खराब. तर बाळा, चकाचक करून दाखवायच्या मागे लागू नकोस. आणि येण्याआधी फोन कर, ओल्या पायानं हॉलभर फिरू नकोस, काय केलंस ते दोन ओळींत लिहून ठेव. बायका घरी एकट्या असतात, त्यांना वेळ पाळणारा माणूस लागतो.

खानापूर_पाणवठा
माईंनी लिहिलंय ते या सगळ्या धंद्याचं मर्म आहे, म्हणून सविस्तर लिहितो.
माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विष, तिसरं कमी धोक्याचं, ते पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंज, खडी आणि दगडांना चिकटून असतात. नव्या टाकीत ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात स्पंज धुतला की सहा आठवड्यांचं काम दोन मिनिटांत वाहून जातं. मासे त्याच दिवशी मरत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतात. म्हणून लोकांना कारण कळत नाही.
स्पंज धुवायची रीत: टाकीतून काढलेलंच पाणी बादलीत घ्यायचं, स्पंज बुडवून दाबायचा. पहिल्यांदा दाट चहासारखं पाणी निघतं, दुसऱ्यांदा फिकं, तिसऱ्यांदा आणखी फिकं. तिथं थांबायचं. स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे. दोन स्पंज असले तर एका भेटीत एकच. ज्या दिवशी स्पंज धुतला त्या दिवशी खडी अर्धीच ओढायची.
आता जास्त धोक्याची गोष्ट. वर्ष-वर्ष पाणी न बदललेली टाकी असते, फक्त वरून भर घातलेली. तिथं पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा; सातच्या खाली पाणी आम्ल) उतरत उतरत सहाच्या खाली गेलेला असतो. जिवाणू मंदावलेले, अमोनिया साठलेला, पण कमी पीएचमुळे तो अमोनियमच्या रूपात असतो, फारसा बाधत नाही. मासे सवयीनं तग धरून असतात. तू जाऊन अर्धं पाणी बदललंस, नवं पाणी आठ पीएचचं, की तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. २५ अंशाला सात पीएचवर विषारी भाग अर्धा टक्का, आठवर पाच टक्क्यांच्या वर. दहापट. त्या रात्रीच मासे गेले तर गिऱ्हाईक म्हणणार, सर्व्हिसवाल्यानं मारले. आणि तसं म्हटलं तर खरंच असतं ते.
म्हणून पहिल्या भेटीत फक्त मोजमाप आणि दहा टक्के पाणी. पाण्याचा पीएच, अमोनिया आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वहीत लिही. टाकीचं पाणी आणि नवं पाणी यात फार फरक दिसला तर दोन-तीन दिवसांआड दहा-दहा टक्के करत तीन आठवड्यांत जागेवर आण. स्पंजला पहिल्या भेटीत हातच लावायचा नाही, फिल्टर अगदीच बंद पडला असेल तर गोष्ट वेगळी.

निपाणीकर
वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, स्पंज नळाखाली धुऊ नको. माझंही तेच मत. आणि प्रत्येक भेटीत मूठभर खडे मीठ टाकायचं, रोगच येत नाही. इतकी वर्षं मिठावरच टाकी चालवलीय.

दुसरं_गेट
निपाणीकर, मूठ म्हणजे किती? मिठाची वाफ होत नाही, पाणी उडालं तरी मीठ तिथंच. दर भेटीला मूठ टाकत गेलं की सहा महिन्यांत टाकी खारट. औषध म्हणून घालायचं तर लिटरला १ ते ३ ग्रॅम, वजन करून, विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत. झाडं असली तर नाही. कोरीडोरास, लोच असल्या नाजूक माशांना अगदी जपून. आणि पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत.

निपाणीकर
गप्पी-मॉलीला काही होत नाही.

दुसरं_गेट
मॉलीला नाही होत, कबूल. खरं त्याच्या सहा टाक्यांत काय आहे ते त्यानं लिहिलेलंच नाही.

अथणी_बोअर
पाण्याचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. इकडे काळ्या जमिनीतल्या बोअरचं पाणी जड, टीडीएस हजारावर जातो. तुमच्याकडे बेळगाव-खानापूरच्या जांभ्या मातीतल्या विहिरी मऊ पाण्याच्या. दोन्हीला एकच औषध चालत नाही. टीडीएस मीटर ३००-४०० रुपयांत येतो, तो पहिला घे. माझं मत आरओ घ्यावं. अर्धं आरओ, अर्धं बोअर, की कुठलाही मासा ठेवता येतो.

खानापूर_पाणवठा
दुसऱ्याच्या घरी आरओ कुठून नेणार? आणि नुसतं आरओचं पाणी भरलं तर पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, आठवड्यात कोसळतो. जड पाण्यात मॉली, प्लॅटी, गप्पी, सिक्लिड मजेत राहतात. पाणी बदलण्यापेक्षा त्या पाण्याला मानवणारे मासे ठेवायला सांगणं सोपं.
बोअर आणि विहिरीबद्दल एक नक्की लक्षात ठेव. उपसल्या उपसल्या त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो. आत्ता पीएच साडेसहा दिसेल, रात्रभर एअर स्टोन लावून ठेवलं की सकाळी साडेसात. म्हणून विहिरीचं पाणी आदल्या दिवशी काढून, झाकण न लावता, हवा सोडून ठेवायला घरच्यांना सांग. मोजायचं ते त्यानंतर.

अथणी_बोअर
मी आरओ मिसळून म्हटलं, नुसतं नाही. नीट वाचा.

टाकी_चारफुटी
नळाच्या पाण्याचं मी सांगतो. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं, दोन्हीत क्लोरीन असतो. गच्चीच्या टाकीत दोन दिवस साठलेल्या पाण्यात तो बराच उडालेला असतो. चोवीस तास पाणी असलेल्या वॉर्डात नळ थेट लाइनवर, तिथं ताजा क्लोरीन. आणि जून-जुलैत पाणी गढूळ आलं की क्लोरीनचं प्रमाण वाढतं, हे हमखास. उन्हाळ्यात जे पाणी चालत होतं तेच पावसाळ्यात माशांचे कल्ले जाळतं.
बाजारातल्या क्लोरीन मारायच्या निळ्या बाटलीपेक्षा हायपो घे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १०० ग्रॅम एका लिटर पाण्यात विरघळव, गडद बाटलीत ठेव, महिन्यानं नवीन कर. त्यातलं १ मिली १० लिटर पाण्याला, २० लिटरच्या बादलीला २ मिली. पावसाळ्यात किंवा वास येत असेल तर दुप्पट. थोडं जास्त पडलं तरी मासे मरत नाहीत, कमी पडलं तर मरतात. शंका असली तर स्विमिंग पूलवाले वापरतात ते क्लोरीन तपासायचे थेंब मिळतात, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे.
आमची टाकी ४×१.५×१.५, २५५ लिटर, दहा डिस्कस मासे. अशा टाक्या धर, दोन फुटीत पैसा नाही. आणि दर ५०० च्या खाली लावू नकोस, लोक पिझ्झाला तेवढे देतात.

अनगोळ_गप्पी
दोन फुटी टाकीला ५०० कोण देणार? टाकीच मुळात अडीच-तीन हजारांची. दोन फुटीला भेटीमागे ३००, तीन फुटीला ४५० ठीक आहे. येणं-जाणं धरून सव्वा तास मोडतो. पेट्रोल, हायपो, स्पंज धरून ४० रुपये खर्च. फिल्टर, हीटर, मासे यांचं बिल वेगळं, दरात धरायचं नाही.

टाकी_चारफुटी
स्वस्तात सुरुवात केली की मग दर वाढवता येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

काच_आणि_सिलिकॉन
काच आणि गळतीवर कुणीच बोललं नाही, आणि भांडण नेमकं त्यावरून होतं. पहिल्या भेटीत मोबाइलवर फोटो काढ: चारही कोपरे, तळ, स्टँड. सिलिकॉनच्या पट्टीत बुडबुडे दिसतात का, कडेला सुटून पांढरी पडलीय का, काचेला कोपऱ्यात तडा आहे का. असेल तर गिऱ्हाइकाला दाखव आणि वहीवर सही घे. जुनी गळती तुझ्या माथी बसणार नाही.
टाकी पाण्यासकट तसूभरही सरकवायची नाही. दोन फुटी भरलेली टाकी काच-खडीसकट सत्तर किलोच्या आसपास. चौथा हिस्सा पाणी ठेवून सरकवली तरी तळाची काच पिळवटते. टाकीखाली थर्माकोल किंवा फोम नसेल, स्टँड डुलत असेल तर काम घेऊ नको, आधी स्टँड करून घ्यायला सांग.
गळती काढायची मागणी आली तर: जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही. आतली पट्टी ब्लेडनं पूर्ण खरवडायची, ॲसिटोननं काच पुसायची, व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वापरायचं. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विष. सुकायला कमीत कमी ४८ तास, तीन फुटीला मी आठवडा देतो. मग बाहेर अंगणात ठेवून भरायची आणि २४ तास बघायची.

कॅम्प_कॅनिस्टर
टाकी रिकामी करायची म्हणजे पंप लागतोच. बघा.

दवाखाना_वेटिंग
दवाखान्याच्या टाकीबद्दल. तिथं घाणीपेक्षा खाण्याचा त्रास मोठा. सकाळची सिस्टर घालते, संध्याकाळची घालते, मध्ये पेशंटची मुलं बिस्किट टाकतात. तळाशी पांढरी बुरशी दिसली की समजायचं. उपाय: औषधाच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा मिळतो ना, सोम ते रवि लिहिलेला. तुझ्या भेटीच्या दिवशी प्रत्येक खणात दिवसाचं खाणं मोजून भर. खण रिकामा दिसला की दुसऱ्यानं घालायचं नाही. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. बाकीचं खाणं तू घेऊन जा किंवा कपाटात कुलपात.
लाइट दिवसभर चालू असते म्हणून शेवाळ येतं. २५० रुपयांचा टायमर लावून सात तासांवर आण.

टाकी_चारफुटी
लाइट सात तास पुरत नाही झाडांना.

दवाखाना_वेटिंग
दवाखान्याच्या टाकीत प्लास्टिकची झाडं आहेत.

हेस्कॉम_गेली
विजेचं ऐक. हात पाण्यात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे, अपवाद नाही. टेस्टरनं पाणी बघ. हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबूनच पाणी उतरवायचं, गरम काच उघडी पडली की फुटते. वायर प्लगकडे जाताना खाली झोल देऊन वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलावरून खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का विचार. नसेल तर सांग आणि वहीत लिही.
हीटर लिटरला एक वॅट: दोन फुटीला ५०, तीन फुटीला १५०. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १५ च्या खाली जातो, गच्चीच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फ. नवं पाणी टाकीच्या दोन अंशांच्या आत आणून घाल. स्टीलच्या पातेल्यात थोडं गरम करून मिसळ.
लाइट गेली की मोठा धोका कॅनिस्टरला. तीन-चार तास बंद राहिला की आतले जिवाणू गुदमरतात, लाइट आल्यावर तेच सडकं पाणी टाकीत. उघडून आतलं पाणी ओतून मगच सुरू करायचा. चार्जिंगचा, लाइट गेल्यावर आपोआप सुरू होणारा एअर पंप गिऱ्हाइकाला घ्यायला लाव.

अनगोळ_गप्पी
जाळीबद्दल राहिलंच. एका घरची ओली जाळी दुसऱ्या घरी नेली की व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) घेऊन जातोस. प्रत्येक घरी तिथलीच जाळी आणि तिथलाच सायफन ठेवलेलं बरं, दोन्ही मिळून २०० रुपये. ते जमत नसेल तर एक भाग ब्लीच, एकोणीस भाग पाणी, पंधरा मिनिटं बुडवून, खळखळून धुऊन, हायपोच्या पाण्यात बुडवून, उन्हात खडखडीत वाळवायचं. हातसुद्धा कोपरापर्यंत धू, साबणाचा अंश न ठेवता.

कार्ड_छापा
व्हिजिटिंग कार्ड कुठल्या भाषेत करणार? मराठीच कर. आपल्या भागात आपल्या भाषेत व्यवहार व्हायलाच पाहिजे.

टाकी_चारफुटी
सदाशिवनगर, कॅम्पमध्ये निम्मी गिऱ्हाइकं कन्नड आणि उर्दूवाली. दोन्ही-तिन्ही भाषांत कर.

दुसरं_गेट
कार्डावर काहीही लिही. दुकानाचा बोर्ड लावलास तर मात्र २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे ६० टक्के कन्नड लागतं. तुझं दुकानच नाही, त्यामुळे सध्या प्रश्न नाही. सूचनांचा कागद मात्र गिऱ्हाइकाच्या भाषेत दे. खाणं किती घालायचं हे त्याला कळलं नाही तर मासा मरतो.

कार्ड_छापा
प्रश्न कागदाचा नाही, हक्काचा आहे.

धागा_चालक
भाषेच्या हक्कावर वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर बोलू. इथं टाकीवर या.

शहापूर_माई
कागदपत्रांचं कुणी सांगितलं नाही. माझ्या माहितीप्रमाणे सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची) सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. आणि कामाच्या ठिकाणचं नेमणूकपत्र वाच, जोडधंद्याला परवानगी लागते का ते बघ.

खानापूर_पाणवठा
दोन गोष्टी कायद्याच्या मीही जोडतो. टाकीत किंवा टबात चांदणी कासव ठेवलेलं दिसलं तर त्याच्या देखभालीचं काम घ्यायचं नाही, वन्यजीव कायदा १९७२ खाली ते पाळणंच गुन्हा. आणि ‘हा मासा फार मोठा झाला, नेऊन सोड’ असं गिऱ्हाईक म्हणालं तर मार्कंडेय नदीत किंवा तळ्यात सोडायचा नाही. सकरफिश (काचेला तोंडानं चिकटून राहणारा मासा) काठात बिळं करतो, इथल्या माशांची अंडी खातो, आणि एकदा पसरला की काढता येत नाही. दुकानदाराला परत दे.

पहिली_शिफ्ट (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दवाखान्याची टाकी बघून आलो. मोजमाप: पीएच ६ च्या खाली (पट्टीचा शेवटचा रंग), टीडीएस ६१०, नळाचं पाणी पीएच ७.५, टीडीएस १४०. वर्षभर फक्त भर घातलीय. दोन ऑस्कर मासे, एक सकरफिश. काय करू?

खानापूर_पाणवठा
हीच ती टाकी. एका वेळी १६ लिटर, म्हणजे दहा टक्केच. दोन दिवसांआड. पाणी एकदम ओतू नकोस, एअर ट्यूबला गाठ मारून बारीक धारेनं अर्ध्या तासात सोड. आधी अमोनिया तपास, बाकी किट नसलं तरी अमोनियाची बाटली घेच. अमोनिया असला तर आधी तीन दिवस खाणं बंद, ऑस्करला काही होत नाही. टीडीएस ३०० च्या खाली आला आणि पीएच पावणेसातला टेकला की मग स्पंज.

कॅम्प_कॅनिस्टर
दोन ऑस्कर म्हणजे कॅनिस्टर लागणारच. तीन फुटीत दोन ऑस्कर ही टाकीच लहान आहे.

खानापूर_पाणवठा
हे मात्र कॅनिस्टरदादांचं बरोबर. डॉक्टरांना सांगून ठेव, एक तरी दुसरीकडे द्यावा लागेल.

पहिली_शिफ्ट (धागाकर्ता)
ठरवलं ते लिहितो. पंप घेत नाही. आरओ नाही. आणि पंधरा दिवसांनीही जाणार नाही, दर आठवड्याला जाणार.
कारण असं. हिवाळ्यात टाकी २५ अंश, बादलीतलं पाणी १८. नेट ४८ लिटरमधलं निम्मं बदललं तर टाकी साडेएकवीसवर येते. १० लिटर बदलले तर साडेतेवीसच्या वरच राहते. पीएचचंही तसंच, थोडा बदल थोडा धक्का. दोन फुटीला अर्धी बादली, तीन फुटीला दोन बादल्याही भरत नाहीत, म्हणजे पाठीलाही त्रास नाही आणि अर्ध्या-पाऊण तासात काम आटोपतं. मंगळ, गुरू, शनि, दोन-दोन टाक्या. रविवार राखीव, कुणाचा फिल्टर बंद पडला तर. दर भेटीचा नाही, महिन्याचा: दोन फुटी ९००, तीन फुटी १,४००. सहा टाक्यांचे ६,४००. सहाच्या वर सहा महिने घेणार नाही.
खरेदी: दोन बादल्या, सहा घरांसाठी सहा जाळ्या आणि सहा सायफन, टीडीएस मीटर, अमोनिया आणि पीएचचं लिक्विड किट, हायपो अर्धा किलो, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह दहा, पंचे, स्क्रॅपर. साडेपाच हजारांच्या आत बसतंय. उरलेल्यात माझ्याच टाकीत सहा जादा स्पंज फिल्टर चालू ठेवणार. कुणाचे जिवाणू गेले किंवा फिल्टर मेला तर मुरलेला स्पंज नेऊन लावता येईल. माझ्या टाकीत रोग दिसला तर अर्थात नेणार नाही.

टाकी_चारफुटी
महिन्याला चार भेटी आणि ९००? भेटीला सव्वादोनशे पडले. परवडणार नाही, वर्षात दमशील.

अनगोळ_गप्पी
मलाही पंधरा दिवसच बरे वाटतात. गिऱ्हाइकाला दर आठवड्याला माणूस दारात नको असतो.

शहापूर_माई
मला चालेल. वेळ ठरलेली असली तर चालेल.

कॅम्प_कॅनिस्टर
मुरलेल्या स्पंजचं पटलं. ओल्या पिशवीत घालून ने, पाण्यानं भरलेल्या बंद डब्यात नको. बंद पाण्यात प्राणवायू संपतो. तासाभरात लावला पाहिजे.

पहिली_शिफ्ट (धागाकर्ता)
लिहून घेतलं. दवाखान्याचा अमोनिया आज तपासला, २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम). खाणं बंद करायला सांगितलं, गोळ्यांचा डबाही ठेवून आलो, सध्या रिकामाच. पहिले १६ लिटर गाठ मारलेल्या ट्यूबनं सोडले, पस्तीस मिनिटं लागली. परवा परत जातोय, आकडे इथंच टाकतो.